निकाल न लागणारा उतार

व्हिडिओ गेमचा विषय आपल्याकडे निघाला की बोलणं दोनच प्रश्नांभोवती फिरतं. यात पैसे जातात का? आणि यातून काही मिळतं का? पहिल्या प्रश्नासोबत रमीच्या ॲपपायी कर्जबाजारी झालेल्यांच्या बातम्या येतात. दुसऱ्यासोबत येतात ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा. पोरगं दिवसभर मोबाइलला चिकटलेलं असतं म्हणून कपाळाला हात लावणारे आईवडील हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्सला पदकं होती हे कळलं की जरा नरमतात. थोडक्यात, काहीतरी पदरात पडणार असेल तर खेळावं. नुसतंच खेळणं मात्र कुणाच्या पचनी पडत नाही.

कायद्याची नजरही फार निराळी नाही. सुप्रीम कोर्टाने 1968 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, 1996 साली घोड्यांच्या शर्यतींना त्याच बाजूला बसवलं, आणि पुढची जवळपास तीन दशकं आपण ‘कौशल्य की नशीब’ याच वादात घालवली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि त्या वादाची हवाच काढून घेतली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन. आणि ज्यात पैज नाही, नुसती करमणूक आहे, अशा खेळांसाठी ‘ऑनलाइन सोशल गेम’ नावाचा तिसरा कप्पा. पहिल्या कप्प्यावर रकानेच्या रकाने लिहून आले, दुसऱ्यावर भाषणं झाली. तिसरा कप्पा उघडून बघायची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

माझा मुक्काम बहुतेक वेळा या तिसऱ्या कप्प्यातच असतो, आणि त्यातही बर्फाच्या उतारावर. स्नोबोर्डवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीवर, उभं राहायचं, घसरत खाली जायचं, वाटेल तिथे वळायचं, वाटलं तर मध्येच थांबून दरीकडे बघत बसायचं. मारायला शत्रू नाही, वाचवायला राजकन्या नाही. अशा गेमची बाजू घेताना लोक सहसा ‘ताण कमी होतो’, ‘एकाग्रता वाढते’ असली प्रमाणपत्रं पुढे करतात. मला ती नकोत. करमणुकीच्या खेळाचा कस त्याच्या फायद्यातोट्यावर लावूच नये. तो खेळणाऱ्याला मोकळं सोडतो की नाही, एवढंच बघावं. या बाबतीत हे बर्फाचे खेळ जिथे उजवे ठरतात तिथे फार उजवे ठरतात, आणि जिथे घसरतात तिथे त्यांचं काय बिनसलं हेही स्वच्छ दिसतं.

रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने 1958 साली खेळांची चार गटांत वाटणी केली होती: स्पर्धा, नशीब, सोंग आणि घेरी. पहिल्या गटात कुस्तीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं, दुसऱ्यात फासे आणि लॉटरी, तिसऱ्यात नाटकं आणि मुखवटे. चौथ्या गटात त्याने असे खेळ घातले की ज्यांत माणूस आपणहून क्षणभर तोल सोडून देतो: स्वतःभोवती गरगर फिरणारी मुलं, झोके, जत्रेतले पाळणे, आणि स्कीइंगसुद्धा. आपल्या कोर्टकचेऱ्यांनी वर्षानुवर्षं ज्यावर खल केला ते यातले पहिले दोनच गट. चौथा गट कायद्याच्या डोळ्यांपुढे कधी आलाच नाही. आपल्या घरात मात्र तो कायम होता. मंगळागौरीला फुगडी रंगते तेव्हा हात गच्च धरलेले, मान मागे, पायांचा ताल, आणि आजूबाजूचं घर रेघारेघांनी फिरायला लागलेलं. शेवटी दोघी धाप लागून हसत बसतात. त्यात कोण जिंकलं असं कुणी विचारत नाही. (हल्ली मंगळागौरीच्याही स्पर्धा होतात, परीक्षक असतात, करंडक असतो. त्याबद्दल न बोललेलंच बरं.)

स्नोबोर्डच्या व्हिडिओ गेमचा जन्म मात्र चौथ्या गटात झाला नाही. 1996 चा ‘कूल बोर्डर्स’, 1998 चा निन्तेन्दोचा ‘1080° स्नोबोर्डिंग’ हे सगळे ठरलेल्या मार्गावर, घड्याळाशी किंवा दुसऱ्याशी झुंजायचे खेळ. मोकळा डोंगर आला तो 2003 साली, ईए या गेम कंपनीच्या कॅनडातल्या स्टुडिओने केलेल्या ‘एसएसएक्स 3’मध्ये. दिसायला तो भडक गेम होता. चमचमते कपडे, हवेत बोर्ड पायातून काढून फिरवण्यासारख्या अशक्य कसरती, रेडिओवर अखंड बडबडणारा ॲटॉमिका नावाचा डीजे. पण त्याच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती: सगळा खेळ एकाच डोंगरावर होता. त्याला तीन शिखरं. ती सगळी खुली झाली की सर्वांत उंच माथ्यावरून निघून पार पायथ्यापर्यंत एका दमात येता यायचं. साधारण अर्धा तास नुसता उतार. मध्ये पडदा काळा होत नाही, ‘लोडिंग’ची पाटी येत नाही. ज्यावर तो चालायचा त्या प्लेस्टेशन 2 या गेमयंत्राची मेमरी अवघी 32 मेगाबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारा लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत पुढचा तुकडा डिस्कवरून ओढत आणि मागचा पुसत तो डोंगर चालत राहायचा. शर्यती होत्याच, पण त्यांची दारं उतारावर इकडेतिकडे उभी असायची. शिरावंसं वाटलं तर शिरा, नाहीतर बाजूने निघून जा. गेम नाराज व्हायचा नाही.

त्याच मालिकेचा 2012 चा अवतार याच्या अगदी उलट. नासाची उपग्रह-माहिती वापरून हिमालयासकट जगभरातल्या खऱ्या पर्वतरांगा त्यात उतरवल्या होत्या. कागदावर किती भव्य! प्रत्यक्षात त्या डोंगरांचे तुकडे पाडलेले, हेलिकॉप्टरमधून सोडायचं, गुण मिळवायचे, पुढचा तुकडा. एका माथ्यावरून निघून सगळा डोंगर उतरायची ती लांबलचक मजा गेली. खोट्या डोंगरावर जी मोकळीक होती ती खऱ्या हिमालयाच्या नकाशाला देता आली नाही. उतार किती खरा आहे याने फारसा फरक पडत नाही, असं मी तेव्हापासून मानत आले आहे.

युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा एक स्टुडिओ फ्रान्समधल्या ॲनसी गावी आहे, आल्प्सच्या कुशीत. खिडकीतून जे दिसतं त्याचाच गेम करावा असं त्यांना वाटलं असेल तर नवल नाही. डिसेंबर 2016 मध्ये आलेला त्यांचा ‘स्टीप’ घ्या. त्यात दुर्बीण काढून समोरचं शिखर न्याहाळलं की तिथून निघायची जागा नकाशावर उमटते. तिथे जाऊन उभं राहायचं. माझी नेहमीची वाट माँ ब्लां या शिखराच्या बाजूची. सुरुवातीला बर्फ दगडासारखा कडक, बोर्डाची कड त्यावर खर्र करत घासते आणि कंट्रोलर हातात थरथरतो. थोडं खाली आलं की ताजा, भुसभुशीत बर्फ लागतो. तिथे आवाज एकदम मऊ होतो आणि मागे वळून पाहिलं तर आपल्याच वळणांची नागमोडी रेघ उमटलेली. मग झाडी. झाडीत मात्र डोळे ताणावे लागतात, कारण देवदाराच्या जातीचं एखादं झाड नेमकं वळणाच्या पलीकडे दबा धरून असतं. आपटलं की बाहुलीसारखी गडगडत खाली, आणि एका बटणावर पुन्हा उभी. हाडं मोडून घेण्यात रमणाऱ्यांसाठीही या गेममध्ये वेगळे गुण ठेवले आहेत, यावरून करणाऱ्यांच्या स्वभावाची कल्पना यावी.

हे सगळं निवांत का वाटतं, हा खरा कोड्याचा भाग. वेग आहे, कडे आहेत, तोल जातोय, तरी मन थंडावतं. माझ्या मते त्याचं कारण उतारात आहे. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पुढे जायचं तर काहीतरी करावं लागतं. पळा, गाडीचा वेग वाढवा, कोडं सोडवा. उतारावर पुढे नेण्याचं काम गुरुत्वाकर्षण बिनबोभाट करतं. आपल्याकडे उरतं फक्त डावं की उजवं. एवढीशी जबाबदारी डोक्याला बरोबर पुरते: उद्याच्या मीटिंगचा विचार आत शिरायला जागा राहत नाही, आणि डोकं शिणतही नाही. खऱ्या डोंगरावर घेरीला भीतीची किनार असते, हिमस्खलनाची, मोडलेल्या मनगटाची. सोफ्यावर ती किनार गळून पडते आणि उरतो तो नुसता झोकांडा.

बर्फाच्या आकर्षणापायी आपण या गेमकडे वळतो असं म्हणायचं, तर टोरांटोच्या स्नोमॅन या छोट्या कंपनीने ते खोटं पाडलं आहे. 2015 साली त्यांनी ‘ऑल्टोज ॲडव्हेंचर’ काढला: एका बोटाचा खेळ. टेकवलं की उडी, दाबून धरलं की हवेत कोलांटी. ऑल्टो नावाचा मुलगा पळालेले लामा पकडत बर्फावरून घसरतो, मागे दिवस मावळतो, पाऊस येतो, चांदणं पडतं. 2018 साली त्याचाच पुढचा गेम आला, ‘ऑल्टोज ओडिसी’. त्यात बर्फाचा कण नाही, सगळं वाळवंट. खेळताना मात्र तीच तंद्री लागते. आयुष्यात बर्फ न बघितलेल्या नाशिकच्या किंवा नांदेडच्या माणसाला हे गेम का आवडावेत, याचं उत्तर इथेच मिळतं. गुलमर्गच्या गोंडोल्याचं तिकीट परवडत नाही म्हणून कुणी ऑल्टो खेळत नाही.

‘ऑल्टोज ॲडव्हेंचर’मध्ये स्नोमॅनने पहिल्याच वर्षी एक भर घातली: झेन मोड. त्यात स्कोअर नाही, नाणी नाहीत. पडलात तर खेळ संपत नाही, बोट टेकवलं की ऑल्टो उठून चालू लागतो. संगीतसुद्धा वेगळं. मला यातली गंमत अशी वाटते की नवीन काहीच घातलेलं नाही. होतं तेच काढून घेतलं, आणि लोकांना ते हवंहवंसं वाटलं. 2021 च्या ‘रायडर्स रिपब्लिक’लाही हेच करावं लागलं. स्टीप करणाऱ्या त्याच स्टुडिओचा हा गेम म्हणजे भर जत्रा: एकाच उतारावर पन्नासाहून जास्त खेळाडूंच्या शर्यती, सतत कुणीतरी कानाशी बोलणारं, कपड्यांची दुकानं. आणि त्यातही एक झेन मोड, जिथे हे सगळं बंद करून एकट्याने डोंगर फिरता येतो. गोंगाट वगळायची सोय कंपनीने स्वतःच ठेवावी, यात काय ते आलं. आपण घातलेलं बरंचसं सामान खेळणाऱ्यासाठी नसून आपल्या हिशेबाच्या वहीसाठी आहे, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

वहीचा हा हिशेब उतारावर कसा उतरतो तेही ऑल्टोमध्येच दिसलं. ॲपलच्या फोनवर तो एकदा पैसे भरून घ्यायचा गेम होता. वर्षभराने अँड्रॉइडवर आला तो फुकट, जाहिरातींसकट. डोंगर तोच, लामा तेच. पण पडल्यावर लागलीच पुन्हा उठायचं की आधी जाहिरात बघायची, हा प्रश्न मध्ये येऊन बसला की घसरण्याची लय मोडते. आपल्याकडचे बहुतेक फोन अँड्रॉइडचे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना भेटलेला ऑल्टो हा जाहिरातवाला. याचा दोष मी एकट्या कंपनीला देणार नाही. ॲपसाठी दोनशे रुपये मोजायचे म्हटलं की आपल्या जिवावर येतं, आणि तेच आपण मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नवर विनातक्रार उडवतो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ज्याला शेवट नाही असा गेम आणि ज्याला शेवट नाही असं रीलचं पान, यांत फरक तो काय? दोन्हीकडे अंगठा हलतोय, दोन्हीकडे तास उडतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ऑल्टोचा उतारही यंत्राने जुळवत नेलेला, न संपणाराच असतो. फरक शोधायचा तर फोन खाली ठेवल्यानंतरच्या वेळेत शोधावा. रीलचं पान, किंवा रोज हजेरीचं बक्षीस देणारा गेम, तुम्ही गेल्यावर तुमच्या मागे माणूस पाठवतो. ‘आजचं बक्षीस राहिलं’, ‘तुमची सलग दिवसांची साखळी तुटेल’, ‘सीझन संपायला दोन दिवस’. झेन मोडमध्ये तुम्ही गेल्याने कुणाचं काही अडत नाही. परत आलात तर डोंगर असतो. न आल्याची शिक्षा नाही, आल्याचं बक्षीसही नाही. ज्या खेळात शेवट नाही तो धोक्याचा, हे समीकरण म्हणूनच मला चुकीचं वाटतं. पत्त्यांचे सगळे जुगार दर डावाला संपतात, आणि माणूस तिथेच सगळ्यात जास्त अडकतो.

नुसतं खेळायचं की पदकासाठी, हे त्रांगडं खुद्द स्नोबोर्डच्याही वाट्याला आलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या माणसाने 1965 च्या नाताळात दोन स्की एकत्र बांधून आपल्या मुलींसाठी फळी केली. ते खेळणं होतं. ‘स्नर्फर’ नावाने ते बाजारात आलं, मोठं झालं, आणि 1998 साली नागानोला ऑलिंपिकमध्ये पोचलं. त्या वेळचा सर्वांत नावाजलेला स्नोबोर्डर, नॉर्वेचा टेरये हाकोनसेन, गेलाच नाही. त्याची तक्रार होती ती या खेळाचा कारभार स्नोबोर्डवाल्यांना डावलून स्कीच्या महासंघाकडे दिल्याची. पदक कुणी, कुठल्या मापाने द्यायचं यावरून या खेळात तेव्हापासून दोन तट आहेत. ऑलिंपिकमध्ये उड्या मोजल्या जातात आणि दुसरीकडे लोक एखाद्या निर्मनुष्य उतारावर, कुणी बघत नसताना, तासन्‌तास घसरत असतात. दुसऱ्या तटाचा माणूस स्पर्धेला नालायक म्हणून तिथे गेलेला नसतो. हाकोनसेन नक्कीच नव्हता.

आणखी एक गोष्ट मला जास्त सतावते, आणि तिच्यावर आपल्याकडे जवळपास कुणीच बोलत नाही. स्टीपमध्ये तुम्ही एकटे घसरत असलात तरी गेमला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागतं. रायडर्स रिपब्लिकचंही तेच. म्हणजे हा अफाट, निर्जन आल्प्स एका स्विचवर आहे. हा नुसता तर्क नाही. याच कंपनीचा, म्हणजे युबिसॉफ्टचा, ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम 31 मार्च 2024 ला बंद झाला. ज्यांनी पैसे मोजून घेतला होता, एकटेच अमेरिकाभर गाडी फिरवत होते, त्यांच्याकडेही उरली ती निरुपयोगी डिस्क. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि 2025 च्या जुलैमध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने 2025 पासून विक्रेत्यांना बंधन घातलं: तुम्ही मालकी देत नसून फक्त वापराचा परवाना देत आहात, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

याच्या शेजारी ‘स्कीफ्री’ ठेवून बघा. 1991 साली मायक्रोसॉफ्टमधल्या ख्रिस पिरिह नावाच्या प्रोग्रॅमरने केलेला, पांढऱ्या पडद्यावर ठिपक्यांएवढी माणसं असलेला खेळ. आमच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर चहाला गेले की तोच उघडला जायचा. त्यात शर्यतींच्या खुणा होत्या, त्यांच्याकडे आम्ही ढुंकूनही बघितलं नाही. नुसतं खाली जायचं, बुंध्यावरून उडायचं, कुत्र्याला चुकवायचं. फार खाली गेलं की एक करडा हिमराक्षस धावत येऊन गपकन गिळायचा, आणि क्लासभर आरडाओरडा. पुढे पिरिहने 2005 साली नव्या विंडोजवर चालेल अशी आवृत्ती स्वतःच खुली करून दिली. ती चालवायला कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. पस्तिशीकडे झुकलेला तो ठिपक्यांचा उतार अजून शाबूत आहे. स्टीपचा कितीतरी पट देखणा आल्प्स आणखी दहा वर्षं टिकेल याची हमी मात्र कुणी देणार नाही. मोकळं फिरायला दिलेली जागा कंपनीच्या मर्जीवर असेल तर तिला मोकळी म्हणायचं तरी कसं?

नव्या कायद्यात खेळांची नोंदणी आणि वर्गवारी करणाऱ्या प्राधिकरणाची तरतूद आहे. ते पैशाच्या खेळांच्या मागे लागेल, आणि लागावंच. पण तिसऱ्या कप्प्यावर ‘निरुपद्रवी’ असा शिक्का मारून मोकळं होऊ नये. हा गेम इंटरनेटशिवाय चालतो का, न खेळल्यास काही हिरावून घेतो का, कंपनीने गाशा गुंडाळला तर विकत घेणाऱ्याच्या हाती काय उरेल, एवढं तरी डाउनलोड करण्याआधी वाचायला मिळालं पाहिजे. आईवडिलांनाही त्याचा उपयोग ‘किती तास खेळतोस’ या नेहमीच्या भांडणापेक्षा जास्त होईल. अर्धा तास घसरून आपणहून उठलेलं पोर आणि हजेरीच्या बक्षिसासाठी पाच मिनिटं का होईना पण रोज न चुकता फोन उघडणारं पोर, यांत काळजी दुसऱ्याची करावी.

यापलीकडे सरकारने या कप्प्यात काही करू नये अशी माझी विनंती आहे. ई-स्पोर्ट्ससाठी प्रशिक्षण अकादम्यांची भाषा याच कायद्यात आहे. ती जिथे आहे तिथेच राहू द्या. निवांत खेळांना उत्तेजन देण्याचं कुणी मनावर घेतलं, तर वर्षाच्या आत आंतरशालेय झेन मोड स्पर्धा जाहीर होतील, तालुका पातळीवरून जिल्हा पातळीवर निवड होईल, आणि क्लासवाले उन्हाळी बॅचच्या जाहिराती लावतील.